चुन्याचा मका: अ‍ॅझ्टेकांचं ताट बेळगावच्या चुलीवर

बेळगाव, हुक्केरी, गोकाक, बैलहोंगल या पट्ट्यात मका पोत्यांनी पिकतो आणि त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला नाहीतर स्टार्चच्या कारखान्याला जातो. माणसाच्या वाट्याला येतं ते कोवळं कणीस, भाजून किंवा उकडून. वाळलेल्या मक्याच्या पिठाची भाकरी कुणी केलीच, तर ती थापताना चिरते, उलटताना तुटते आणि संध्याकाळपर्यंत पुठ्ठा होते. मग दोष मक्याला दिला जातो. खरं तर मका ज्यांनी हजारो वर्षं रोजच्या जेवणात ठेवला, त्यांनी तो असा कोरडा दळून भाकरीला वापरला नाही. आधी चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर मुरवायचा, धुवायचा आणि ओलाच वाटायचा, ही मेक्सिकोच्या खोऱ्यातली पद्धत. १३२५ साली वसलेल्या आणि १५२१ साली स्पॅनिशांच्या हाती पडलेल्या तेनोच्तित्लान या अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीत घराघरात हेच चालायचं.

मिरची, टोमॅटो, घेवडा, तांबडा भोपळा, राजगिरा ही त्याच मुलुखाकडची पिकं आपल्याकडे येऊन इतकी रुळली, की मिरची परदेशी आहे म्हटलं तर संकेश्वरात कुणी ऐकून घेणार नाही. मकाही आला. चुना मात्र मक्याबरोबर आला नाही. युरोपातही तेच झालं. गरिबांनी नुसता मका खाल्ला आणि त्यांना पेलाग्रा झाला: आधी उन्हात कातडी जळाल्यासारखी होते, मग जुलाब, मग भ्रम. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ साली या रोगाचं वर्णन केलं, पण कारण कळायला विसावं शतक उजाडलं. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रीतीनं बांधलेलं असतं की आपल्या आतड्याला मिळत नाही. चुन्याचं पाणी ते मोकळं करतं. शिवाय दाण्याची टरफलं सुटतात, कॅल्शियम कित्येक पटींनी वाढतं आणि पिठाला चिकटा येतो, म्हणून भाकरी तुटत नाही. चुना आपल्याकडे काय कमी आहे? निपाणी-चिक्कोडीकडं तर चंची उघडली की हाताला लागतो.

चुना, मका, भांडं

पानाच्या दुकानातला साधा पांढरा ओला चुना चालतो. पुदिन्याचा किंवा इतर वासाचा नको. भिंतीला लावायचा, डिंक-नीळ घातलेला चुना अजिबात वापरायचा नाही. कळीचा चुना आणून घरी विझवायची हौस असेल तर जपून: पाणी पडल्याबरोबर तो उकळी फुटल्यासारखा उसळतो, डोळ्यात उडाला तर कायमची इजा होऊ शकते. एवढ्याशा कामाला तो खटाटोप करण्यात अर्थ नाही, डबीतला चुना घ्यावा.

एक गोष्ट पाहायची. चुना उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याची खडू-भुकटी होते. असा मेलेला चुना कितीही घातला तरी टरफल सुटत नाही. डबीत कडेला वाळून कपची धरलेला भाग टाकून द्यायचा, मधला लोण्यासारखा मऊ भाग घ्यायचा. शंका असेल तर चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळा, निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी बशीत तासभर ठेवा. पाण्यावर पातळ पांढरी साय धरली तर चुना जिवंत आहे.

मका पूर्ण वाळलेला, कडक, शेतातला हवा. बाजारात मका म्हणा नाहीतर गोविनजोळ म्हणा, एकच पोतं पुढं येतं. स्वीट कॉर्नचा दाणा यात लगद्यासारखा होतो आणि लाह्यांचा मका नीट शिजत नाही. पेरणीच्या पिशवीतला गुलाबी किंवा निळा रंग लावलेला मका विषारी औषध चोपडलेला असतो, तो धुऊनही खाण्याजोगा होत नाही. पोत्यातला मका घेतला तर परातीत पसरून निवडा. काळपट, हिरवट बुरशी आलेले, किडके, पोकळ दाणे काढून टाका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन चुन्यानं थोडं कमी होतं, पण जात नाही. पोत्यालाच कुबट वास येत असेल तर तो मका घरात आणूच नका.

पातेलं स्टीलचं घ्या, नाहीतर मातीचं. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात चुन्याचं पाणी उकळलं की ते पातेलं खातं, पाणी काळं होतं आणि मका धातूसारखा लागतो. पितळेची भांडीही बाजूला ठेवा.

शिजवणं

अर्धा किलो मक्याला दीड लिटर पाणी आणि ओला चुना १२ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. कोरडी चुन्याची पूड असेल तर ५ ग्रॅम, मक्याच्या वजनाच्या शंभरात एक भाग. पहिल्या खेपेला वजनकाटा वापराच, कारण चुन्याचा अंदाज चुकला की पुढचं सगळं चुकतं.

चुना आधी वाटीभर पाण्यात कालवून गुठळ्या मोडा आणि मग पातेल्यात ओता. धुतलेला मका घाला. मध्यम आचेवर उकळी येऊ द्या, मग आच इतकी कमी करा की पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खदखदायला नको. पाचएक मिनिटांत दाण्यांचा रंग बदलतो, पिवळा मका गर्द हळदी होतो आणि ओल्या मातीसारखा वास सुटतो. आपल्याकडच्या कडक संकरित मक्याला असा ३० ते ४० मिनिटं वेळ द्या. पंचविसाव्या मिनिटापासून दोन-दोन दाणे काढून बघत जा. दाणा गार पाण्यात बुडवून बोटांत चोळला की साल सरकली पाहिजे. मग तो दातांनी मधोमध तोडा. कडेनं शिजलेला आणि मधे पांढरट, कोरडा ठिपका, अशा अवस्थेत गॅस बंद करायचा. ठिपकाही शिजला असेल तर उशीर झाला. ते भाकरीला नको, पेजेला वापरा.

झाकण ठेवून तसंच १० ते १२ तास राहू द्या. संध्याकाळी सातला उतरवलेला मका सकाळी वाटायला तयार असतो. मुरण्याचा हा वेळ खाऊन टाकायचा मोह होतो, पण पाणी दाण्याच्या गाभ्यात शिरतं ते याच वेळेत. अथणीच्या उन्हाळ्यातही चुन्याच्या पाण्यात मका रातोरात आंबत नाही. धुतल्यावर मात्र पटकन आंबतो, म्हणून धुणं आणि वाटणं सलग करायचं.

धुताना हातात रबरी मोजे असलेले बरे, नाहीतर बोटं कोरडी पडून चरचरतात. पिवळं बुळबुळीत पाणी ओतून टाका, ताज्या पाण्यात दाणे दोन्ही तळव्यांत चोळा, पुन्हा ओता. भाकरीसाठी दोन पाणी पुरेत, थोडी सालं राहिली तरी चालतात, त्यांचाच चिकटा कणकेला धरून ठेवतो. चार-पाच वेळा धुऊन मका पांढरा फटक केला तर कणीक भुसभुशीत होते. पहिलं पाणी खूप क्षारीय असतं, ते कुंडीत किंवा परसातल्या रोपांच्या बुडाला ओतू नका. भरपूर पाणी मिसळून खताच्या खड्ड्यात सोडा.

वाटणं

पाटा-वरवंटा असेल तर तो झाडून-धुऊन बाहेर काढा. अ‍ॅझ्टेक बायका तीन पायांच्या उतरत्या दगडावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी दगडी लाटणं पुढं-मागं करत हेच वाटत, आणि घरच्या पोटाला पुरेल इतकं वाटायला रोजचे काही तास जात. पाट्यावर दोनदा वाटावं लागतं: एकदा भरड, एकदा बारीक. इडली-डोशाचा दगडी ग्राइंडरही चांगला, फक्त त्यात पाणी चमच्या-चमच्यानं घाला आणि कडेचं सारखं मधे ढकला. अर्धा किलो मक्याला सगळं मिळून अर्ध्या वाटीच्या वर पाणी जाता कामा नये. मिक्सर हा शेवटचा उपाय. त्याचं पातं कोरड्या दाण्यावर नुसतं फिरतं, मग पाणी वाढवत जावं लागतं आणि कणकेचं डोशाचं पीठ होतं. मिक्सरच वापरायचा असेल तर थोडा थोडा मका घ्या, भरड काढा आणि ती भरड पाट्यावर एकदा फिरवा.

ओला मका पिठाच्या गिरणीत नेऊ नका. जातं चिकटून बसतं आणि गिरणीवाला पुन्हा दारात उभं करणार नाही. गिरणीचीच सोय हवी असेल तर मार्च ते मे या कडक उन्हात धुतलेला मका स्वच्छ कपड्यावर एक थर पसरून दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला की मग दळायला द्या, जोंधळ्याच्या दळणापेक्षा थोडं बारीक. हे पीठ हवाबंद डब्यात महिनाभर टिकतं. वाटीभर पिठाला वाटीभर कोमट पाणी, वर एखादा डाव लागला तर, आणि मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. ताज्या वाटणाची चव त्याला येत नाही, पण कामाच्या दिवशी भागतं.

भाकरी

अर्धा किलो कोरड्या मक्याची साधारण सव्वानऊशे ग्रॅम कणीक होते. वाळवून दळलेलं पीठ असेल तर प्रमाण वेगळं, हे ताज्या वाटणाचं आहे. चिमूटभर मीठ घालायचं तर घाला, मूळ भाकरीत नसतं. कणीक पाच मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा. मग ३५ ग्रॅमची गोळी, मोठ्या लिंबाएवढी, दोन तळव्यांत दाबून बघा. कडा चिरल्या तर ओला हात लावून पुन्हा मळा, तळव्याला चिकटली तर कणीक दहा मिनिटं उघडी ठेवा.

जोंधळ्याची भाकरी बडवायची सवय इथं आडवी येते. परातीत कोरडं पीठ टाकून ही भाकरी बडवू नका, वरचं कोरडं पीठ तव्यावर जळतं आणि भाकरी फुगत नाही. दुधाची जाड पिशवी कापून तिचे दोन तुकडे करा, नाहीतर केळीचं पान घ्या. मधे गोळी ठेवून सपाट बुडाच्या जड ताटलीनं दाबा. वीतभरापेक्षा थोडी लहान, दोन मिलिमीटर जाड चकती झाली पाहिजे. वरचा कागद सोला, चकती तळहातावर उलटी घ्या, खालचा कागद सोला. कागद सोडत नसेल तर कणीक ओली आहे, सोलताना फाटत असेल तर कोरडी.

लोखंडी तवा किंवा मातीचं खापर चांगलं तापवा, पाण्याचा थेंब गोळी होऊन पळाला पाहिजे. तेल लावायचं नाही, वरून पाणीही फिरवायचं नाही. पहिली बाजू १५ ते २० सेकंद, कडा सुटायला लागेपर्यंत. उलटून दुसरी बाजू पाऊण ते एक मिनिट, बारीक तपकिरी ठिपके येईपर्यंत. पुन्हा उलटा आणि फडक्याच्या बोळ्यानं मध्यावर हलकं दाबा. याच वेळी भाकरी फुगते. पहिली बाजू जास्त वेळ ठेवली की साल आधीच कडक होते आणि मग काही केल्या फुगत नाही, नवख्या हातून सगळ्यात जास्त हेच होतं. झालेल्या भाकऱ्या जाड फडक्यात गुंडाळून बुट्टीत एकावर एक ठेवा. दहा मिनिटं वाफेत मुरल्याशिवाय त्या मऊ पडत नाहीत, तव्यावरून थेट ताटात वाढू नका.

बिघडलं तर कारण बहुधा पुढच्यांपैकी असतं. कणीक कडवट, जिभेला चरचरणारी आणि हिरवट-पिवळी झाली तर चुना जास्त झाला किंवा धुणं कमी पडलं, तिच्यावर उपाय नाही. मळूनही रवाळ राहून फुटली तर मका कमी शिजला, किंवा चुना मेलेला होता. ती भरड ओल्या वाटणासकट पेजेत जिरते. डिंकासारखी चिकट झाली तर मका जास्त शिजला. त्यात वाळवलेल्या मक्याचं पीठ दोन-तीन मुठी मिसळलं की सुधारते. साधं, चुना न लावलेलं मक्याचं पीठ मिसळू नका, भाकरी पुन्हा तुटायला लागते.

किती भाकऱ्या लागतात? १५४१ च्या सुमाराला तयार झालेल्या मेंडोसा चित्रपोथीत अ‍ॅझ्टेक मुलांचं वयानुसार रेशन चितारलेलं आहे: तिसऱ्या वर्षी अर्धी भाकरी, चौथ्या-पाचव्या वर्षी एक, सहा ते बारा दीड, तेराव्यापासून दोन. त्या भाकऱ्या आपल्या ३५ ग्रॅमच्या नक्कीच नसणार. आपल्या मापानं मोठ्या माणसाला सहा-सात धरा.

भाकरीबरोबर

घेवडा हवाच. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी असतात, घेवड्यात लायसिन भरपूर असतं, आणि दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरतो. वाळका घेवडा किंवा राजमा पाव किलो, आठ तास भिजवून ते पाणी टाका. ताज्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळाखळा उकळा. हे चुकवू नका, अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. मग मंद आचेवर तास-दीड तास, किंवा कुकरला पाच शिट्ट्या. मीठ शेवटी. फोडणी नाही, कारण अ‍ॅझ्टेकांकडं तळायला तेल-तूप नव्हतंच. गाय, म्हैस, डुक्कर, शेळी हे सगळं स्पॅनिशांबरोबर गेलं. मांस म्हणजे टर्की, पाळलेली कुत्री, बदकं, मासे. घेवड्याचं शिजवलेलं पाणी फेकू नका, पुढं लागेल.

चटणी हा आपल्या खरड्याचा थोरला भाऊ म्हणावा. चार पिकलेले टोमॅटो तव्यावर सगळ्या बाजूंनी काळे डाग पडेपर्यंत भाजा. चार वाळक्या संकेश्वरी मिरच्या (तिखट झेपत नसेल तर ब्याडगी) देठ-बी काढून तव्यावर दाबून फक्त दहा सेकंद भाजा. काळी पडलेली मिरची कडू होते, ती टाकून नवी घ्या. मिरच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि पाट्यावर आधी मिरची-मीठ, मग टोमॅटो वाटा. लसूण, कांदा, जिरं, कोथिंबीर यातलं काहीही नको. हे सगळं जुन्या जगातलं. पहिल्या घासाला काहीतरी राहिलंय असं वाटतं, तिसऱ्या-चौथ्या घासाला टोमॅटोचा भाजका आंबटपणा स्वतःच्या पायावर उभा राहतो.

तांबड्या भोपळ्याच्या बियांची दाट आमटीही याच घराण्यातली. सोललेल्या बिया पन्नास ग्रॅम, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून गार करून पूड करा. वरची निम्मी चटणी, दोन वाट्या घेवड्याचं पाणी आणि ही पूड एकत्र करून दहा मिनिटं ढवळत शिजवा. खदखदू दिलं तर तेल सुटून आमटी फाटते. त्यात भोपळ्याच्या उकडलेल्या फोडी सोडा.

पानातला मका

सणाचं खाणं म्हणजे तमाल, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेली कणीक. यासाठी मका चार पाण्यांनी स्वच्छ धुऊन थोडा भरडच वाटायचा. वाळक्या साली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. खानापूरकडं हळदीची पानं मिळतात, पातोळ्यांसारखी तीही चालतात, मात्र हळदीचा वास मक्यावर चढतो. अर्धा किलो कणकेत मीठ आणि घेवड्याचं कोमट पाणी थोडं थोडं घालत दहा मिनिटं फेटा, थालीपिठाच्या पिठाइतकी सैल होऊ द्या. हल्लीच्या मेक्सिकन कृतींत चरबी घालतात आणि कणकेचा गोळा पाण्यात तरंगला की फेटणं पुरे असं सांगतात. चरबीशिवायच्या कणकेला ही परीक्षा लावू नका, ती बुडणारच. सालीवर ४० ग्रॅम कणीक पसरा, मधे चमचाभर ठेचलेला घेवडा आणि मिरची, घडी घालून सालीच्याच दोऱ्यानं बांधा. बारा-तेरा होतात. मोदकपात्रात उभे रचून ५० ते ६० मिनिटं वाफवा, अर्ध्यावर पाणी बघा. साल सोलताना कणीक तिला चिकटली नाही तर शिजले. मग दहा मिनिटं उघडे ठेवा, गरम गरम सोलले तर विरघळल्यासारखे वाटतात.

दर आठ वर्षांनी अ‍ॅझ्टेक एक उपवास पाळत. त्या दिवसांत नुसत्या पाण्यात शिजवलेले तमाल खायचे: मीठ नाही, मिरची नाही, चुनाही नाही. वर्षानुवर्षं चुना-मिरची लावून छळलेल्या मक्याला विसावा द्यायचा, अशी त्यामागची समजूत.

राजगिरा

आपल्या उपवासाच्या ताटात राजगिरा, शेंगदाणा, रताळं, बटाटा, मिरची, सगळं अमेरिकेतलं. राजगिरा तर अ‍ॅझ्टेक राजाला खंडणी म्हणून भरला जायचा. भाजलेल्या राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा घायपाताचा पाक मळून त्याची देवाची मूर्ती करत आणि सणाच्या शेवटी ती फोडून लोकांना वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांनी हे मूर्तिपूजा म्हणून दडपलं.

लाह्या घरी फोडायच्या तर जड बुडाची कढई धूर निघायच्या बेतात तापवा. एका वेळी एकच मोठा चमचा राजगिरा टाका, कापडाच्या बोळ्यानं सारखं फिरवा, दहा-पंधरा सेकंदांत फुटला की ताटात काढा. दोन चमचे एकदम टाकले की कढई गार होते आणि राजगिरा फुटण्याऐवजी करपतो. न फुटलेले दाणे चाळून घ्या. दोनशे ग्रॅम लाह्यांचं पीठ करा, त्यात मध थोडा थोडा घालत मळा, शंभर ग्रॅमच्या आसपास लागतो. मुठीत दाबून आकार धरला की थांबा. गूळ वापरायला हरकत नाही, पण ऊस त्यांच्याकडं नव्हता. बांधावरच्या घायपाताचा पाक काढण्याच्या भानगडीत पडू नका, त्याच्या रसानं अंगाला खाज सुटून पुरळ येतो.

उरलेल्या कणकेची पेज करतात: शंभर ग्रॅम कणीक लिटरभर पाण्यात कोळून गाळा, मंद आचेवर पंधरा मिनिटं सतत ढवळा, मध किंवा वाटलेली मिरची घाला. आपल्या आंबिलीसारखी आंबवायची नाही. भाजक्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून प्रवासात खायचे, ते सातूच समजा.

परसात लावायचं तर

हे सगळं एका वाफ्यात पिकतं: मका, त्यावर चढणारा वेलघेवडा, खाली पसरणारा भोपळा. गुंठ्याला मका सव्वाशे ग्रॅम, घेवडा शंभर ग्रॅम, भोपळ्याच्या पन्नास बिया पुरतात. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की मीटर-मीटरवर आळी करून प्रत्येकी चार दाणे टोकणणी करा, उगवल्यावर तीन रोपं ठेवा. एकाच ओळीत लावू नका, चौकोनात लावा, नाहीतर परागकण वाऱ्यानं बाहेर जाऊन कणसं अर्धवट भरतात. मका वीतभर झाला की प्रत्येक आळ्यात घेवड्याच्या दोन बिया, आणि आठवड्यानं दर चौथ्या आळ्याजवळ भोपळ्याच्या दोन. घेवडा मक्याबरोबरच पेरला तर तो मक्याला वेढून आडवा करतो. झुडपी घेवडा इथं कामाचा नाही.

मक्यात तण मारायला अ‍ॅट्राझिन फवारायची सवय असते. इथं ते चालणार नाही, घेवडा आणि भोपळा दोन्ही मरतील. पहिल्या महिन्यात दोन खुरपण्या आणि मक्याला भर एवढं केलं की पुढं भोपळ्याची पानंच तण दाबतात. खानापूरच्या पावसात पाणी साचलं तर मका पिवळा पडतो, तिथं सरीच्या वरंब्यावर लावा. पोंग्यात लष्करी अळी येतेच, ती २०१८ साली देशात पहिल्यांदा कर्नाटकातच सापडली आणि तीही मूळची अमेरिकेची. पानावर खिडक्यांसारखे पांढरे चट्टे दिसले की पोंगा उघडून अळी चिरडा आणि चिमूट-चिमूट बारीक वाळू-राख टाका. घेवडा दर आठवड्याला तोडायचा असल्यानं जहाल औषधं टाळा.

कणसाची साल वाळून तपकिरी झाली, की परतीचा पाऊस यायच्या आत कणसाखालून ताट मोडून कणीस खाली झुकवा. पाणी सालीवरून निथळून जातं, आत शिरत नाही, आणि कणीस उभ्या पिकातच वाळतं. काढल्यावर सोलताना आतल्या मऊ, रुंद साली वेगळ्या ठेवा, त्या तमालांना लागतात. दाणे दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवून मगच कणगीत भरा. नाहीतर दिवाळीनंतर सोंडे लागतात आणि पोकळ दाणा चुन्यात टाकला की साल सुटायच्या आधीच त्याचा चिखल होतो.